गोव्यातल्या हॉस्टेलमधला पहिला पावसाळा: जुलैपासून चवथीपर्यंत

माझी भाची या जुलैत गोव्यात शिकायला चालली आहे. कुडाळहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला फोंड्यात पोचता येतं, तरी घरातलं वातावरण गेले पंधरा दिवस जड आहे. मी स्वतः सहा वर्षं गोव्यातल्या हॉस्टेलांत काढली, चार फोंडा तालुक्यात आणि दोन ताळगावच्या पठारावर. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगत होते, ते एकदा सलग लिहून काढते आहे. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून किंवा गोव्यातल्याच पेडणे-सत्तरीकडून पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यांच्या आईवडिलांना, ते उपयोगी पडावं.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोव्यात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांची खरी अडचण म्हणजे घर फार जवळ असतं. बिहार-राजस्थानची मुलं पहिल्या रविवारी नाइलाजाने हॉस्टेलवर राहतात, एकमेकांबरोबर कपडे धुतात, बाजारात जातात आणि त्यातून त्यांची ओळख होते. आपण शनिवारी दुपारी बॅग उचलून सावंतवाडीची गाडी पकडतो. सोमवारी थकून परत येतो, तेव्हा खोलीतल्या बाकीच्यांचा रविवार आपल्याशिवाय झालेला असतो. मी पहिले पाच शनिवार असेच घरी गेले आणि दिवाळीपर्यंत त्या खोलीत पाहुणीसारखी राहिले. म्हणून भाचीला सांगितलंय, चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, घरी यायचं नाही. अगदीच जमलं नाही तर निदान पहिले चार रविवार तरी तिथेच काढायचे.

जायच्या आधी

कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी हॉस्टेलचा अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी, आणि जागा कमी असतील तर घराचं अंतर पाहून दिली जाते. प्रवेशाच्या दिवशीच विचारा: अर्ज कुठे, शेवटची तारीख कोणती, डिपॉझिट किती आणि ते परत कधी मिळतं, मेसचे पैसे महिन्याला की सत्राला. डिपॉझिटची पावती शेवटच्या वर्षापर्यंत लागते. तिचा फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा.

कॉलेज कुठल्या जागी आहे यावर रोजचं जगणं ठरतं. १९८५ साली सुरू झालेलं गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, पणजी बसने जवळ. गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला हमरस्त्यावरच. फर्मागुढीच्या पठारावर गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि २०१६ पासून त्याच आवारात आयआयटीही. खाली फोंडा शहर. बिट्सचं आवार झुआरीनगरला, एनआयटी कुंकळ्ळीला, व्यवस्थापनाची संस्था साखळीच्या बाजूला. मोठ्या बंदिस्त आवारात दुकान, दवाखाना, खेळाचं मैदान आतच मिळतं, पण बाहेरचा गोवा दिसायला मुद्दाम निघावं लागतं. लहान कॉलेजच्या हॉस्टेलात साबण संपला तरी बाहेर जावं लागतं, आणि त्यामुळे गाव लवकर ओळखीचं होतं.

कागदपत्रांत ॲलॉटमेंटचं पत्र, वैद्यकीय दाखला, आधार, पासपोर्ट फोटो (आठ-दहा तरी), आणि रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. हे प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याने आणि पालकाने दोघांनीही दरवर्षी ऑनलाइन भरायचं असतं. ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना असतो. आपल्यापैकी अनेकांची मावशी, आत्या नाहीतर लांबचा काका गोव्यात असतोच. नाव द्यायच्या आधी त्यांना फोन करून नीट विचारा. रात्री तब्येत बिघडली तर वॉर्डन पहिला फोन त्यांनाच करणार आहे.

पावसाला धरून सामान

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तुम्ही ऐन जुलैत राहायला जाताय. कोकणातल्या मुलांना पाऊस नवा नाही, पण घरी चुलीवरच्या दोरीवर कपडे वाळतात, आई कपाट उघडं ठेवते, पापड-पिठांची काळजी कुणीतरी घेत असतं. हॉस्टेलात चार जणांच्या ओल्या कपड्यांची एक खोली असते आणि पलीकडे जांभ्या दगडाची, घाम फुटल्यासारखी ओली भिंत.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी गुणपत्रिकांची फाइल कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. ऑगस्टमध्ये काढली तर पानं एकमेकांना चिकटलेली, बारावीच्या गुणपत्रिकेवरचा शिक्का पसरलेला. त्यामुळे मूळ कागद घरीच ठेवा. लागतील तेवढेच न्या, तेही झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि स्टीलच्या डब्यात. बाकीच्यांचे फोटो फोनमध्ये आणि ईमेलवर.

कपडे थोडे न्या आणि लवकर वाळणारे न्या. जीन्स एक पुरे. जुलैत ती वाळायला तीन दिवस घेते आणि चौथ्या दिवशी वास मारते. आतले कपडे मात्र दहा-बारा जोड. जाड टर्किश टॉवेलपेक्षा दोन पातळ पंचे चांगले. पठारावर वारा इतका असतो की छत्री उलटी होते, तिथे रेनकोटच कामाचा. छत्री बस स्टँडपुरती. चामड्याच्या बुटांवर आठवड्यात बुरशी धरते, म्हणून रबरी किंवा प्लॅस्टिकच्या सँडल. पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी, पंधरा-वीस चिमटे, डांबरगोळ्या, बादली-मग, चांगलं कुलूप आणि त्याच्या तीनही किल्ल्या (एक घरी, एक पाकिटात, एक गळ्यात किंवा बॅगेत), टॉर्च, मच्छरदाणी. गादी मिळते की आपली आणायची हे आधी विचारा. बादली, दोरी, झाडू इथेही मिळतात, पण गोव्यातली बरीचशी दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. पहिल्या दिवशी दुपारी दोनला बाजारात गेलात तर हात हलवत परत याल.

घरच्या खाऊचंही सांगते, कारण आया यावरच जास्त वेळ घालवतात. चकली, शेव, चिवडा पावसात दोन दिवसांत सादळतो. शेंगदाण्याची चटणी, लसणीची सुकी चटणी, मेतकूट, लोणचं, खजूर हे टिकतं. भाचीच्या आजीने दिलेले लाडू पहिल्याच रात्री खोलीत वाटून टाक, असं मी तिला सांगितलंय. राहिले तर मुंग्या येतील, वाटले तर माणसं येतील. डबे झाकण घट्ट बसणारे स्टीलचे घ्या.

किटली, कॉइल, इस्त्री चालतात की नाही हे नियमावलीत वाचा. पाणी तापवायची कॉइल बहुतेक हॉस्टेलांत मना असते आणि मनाच असावी. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर, एका बोर्डाला तिघांनी लावलेलं चार्जिंग, हे चित्र मला आठवलं तरी भीती वाटते.

पहिला दिवस

शक्य असेल तर सकाळी पोचा. रेल्वेने येणार असाल तर लक्षात ठेवा, फोंड्याला रेल्वे नाही. थिवी, करमळी, मडगाव ही कोकण रेल्वेची मोठी स्थानकं. करमळी जुन्या गोव्याच्या जवळ आहे आणि पणजी-फोंडा रस्त्यावरच्या बस जुन्या गोव्यावरून जातात. एरवी हा मार्ग स्वस्त आणि सोपा, पण पहिल्या दिवशी गादी-बादलीसकट नको. त्या दिवशी गाडी करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. घरून निघताना जुन्या वेळेवर विसंबू नका.

खोली ताब्यात घेताना सही करायच्या आधी दहा मिनिटं घ्या. खिडकीची काच, कडी, पंखा, दिवा, प्रत्येक स्विच, कपाटाचं दार, पलंगाची फळी, छताला ओल. जे मोडलेलं असेल त्याचा फोटो काढा आणि रजिस्टरमध्ये लिहायला लावा. वर्षाअखेरीला डिपॉझिटमधून पैसे कापतात ते यावरच. लाजायचं कारण नाही. मागून येणारी दहा मुलं तुमचं बघून तसंच करतील.

पलंग निवडायची संधी असेल तर बाहेरच्या भिंतीपासून दूरचा घ्या. खिडकीजवळचा पलंग मार्चमध्ये सुखाचा, जुलैत चादर रोज ओली. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. आतल्या फळीवर वर्तमानपत्र, कोपऱ्यात डांबरगोळ्या, आणि ऊन पडलं की तासभर दार उघडं.

आईवडिलांनी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत परत जावं. दोन दिवस लॉजवर राहून रोज भेटायला येणं मुलाला जड जातं. तो ना धड घरात असतो, ना हॉस्टेलात.

रूममेट

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण मेस, पाऊस, अभ्यास हे सगळं सोसता येतं. ज्या खोलीत झोपायचं तिथे अबोला असेल तर काहीच सोसत नाही.

माझी पहिली रूममेट काणकोणची. रोज रात्री अकरानंतर ती घरी फोन करायची, दारात उभी राहून, मोठ्याने. मला सकाळी लवकर उठायची सवय. मी दोन महिने काही बोलले नाही. मग एका रात्री, परीक्षेच्या आधी, इतकं बोलले की ती रडली आणि मीही. नंतर कळलं की तिचे वडील ट्रॉलरवर असायचे आणि रात्रीच किनाऱ्याला लागायचे. त्याआधी फोन लागत नसे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ती पुढे जिन्याखाली बसून बोलायला लागली, मी डोक्यावरून पांघरूण घ्यायला लागले, आणि आज ती माझ्या मुलाची मावशी आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात, सगळे जण खोलीत असताना, चहा घेऊन बसा आणि चार गोष्टी बोलून घ्या. दिवा किती वाजता बंद. सकाळचा गजर कुणाचा आणि तो किती वेळा वाजणार. रात्रीचे फोन कुठे. केर कोण कधी काढणार, कचऱ्याची बादली कोण रिकामी करणार. पाचवी गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण तीच जास्त भांडणं लावते: एकमेकांच्या वस्तू न विचारता घ्यायच्या का. तेल, साबण, चार्जर, चप्पल, पैसे. पैशांचं मी स्पष्ट सांगते, बसभाड्यापुरते द्या. त्याहून मोठी रक्कम मागितली तर घरी विचारते म्हणावं.

एखादी गोष्ट खटकली तर ती त्या आठवड्यात सांगा. एकट्यात, हळू आवाजात, आणि ‘तू नेहमीच’ हे शब्द न वापरता. व्हॉट्सॲपवर लिहू नका, तोंडाने बोला. सांगूनही बदललं नाही तर वॉर्डनकडे जायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्रानंतर खोली बदलून मिळू शकते, त्यासाठी लेखी अर्ज लागतो.

भाषेचं. गोव्याची राजभाषा १९८७ पासून कोकणी आहे, आणि सरकारी कामात मराठीही चालते. मराठी वर्तमानपत्रं घराघरांत येतात, देवळातली भजनं-कीर्तनं मराठीत, जत्रेतली नाटकं मराठीत. तुमचं मराठी सगळ्यांना कळेल. म्हणून कोकणी शिकायची गरजच नाही असं वाटतं, आणि तिथे आपण चुकतो. खोलीत तिघी कोकणीत बोलत असतील आणि चौथी कायम मराठीत उत्तर देत असेल, तर ती चौथी बाहेरचीच राहते. मालवणी बोलणाऱ्यांना महिना पुरतो. ‘कितें जालें’ म्हणजे काय झालं, ‘माका जाय’ म्हणजे मला हवंय, ‘नाका’ म्हणजे नको, ‘फाल्यां’ म्हणजे उद्या. कुणी काही दिलं की ‘देव बरें करूं’ म्हणा. कोकणीत तरुण मुलीबद्दल नपुंसकलिंगी बोलतात: ‘तें आयलें’, ‘तूं जेवलें?’ घाटावरच्या मुलींना पहिल्यांदा ते विचित्र वाटतं. त्यात अपमान काही नाही, माया आहे. मराठी मुलांनी मराठी मुलांचाच कोंडाळा करून बसणं मला मनापासून चुकीचं वाटतं. घरची भाषा सुट्टीत बोलायला मिळतेच की.

मेस

गोव्यात आलो आणि मेसमध्ये मासेच नाहीत, ही जुलैतली ठरलेली तक्रार. त्याचं कारण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बाजारात जे येतं ते महाग, मेसला परवडत नाही. या दिवसांत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, डाळ, अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ यावर भागवायचं. ऑगस्ट उजाडला की बांगडा ताटात दिसू लागतो.

नाश्त्याला पाव-भाजी असते, पण मुंबईची लाल, लोण्याची पावभाजी नव्हे. इथे बटाट्याची सुकी भाजी आणि वाटाण्याची किंवा अळसांद्यांची पातळ भाजी, बरोबर पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, ताजा पाव किंवा पोई. पोई कोंड्याची असते, पोटाला धरते. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर येतो; गेटपाशी त्याची वेळ कळून घ्या, परीक्षेच्या दिवसांत दोन पोई खोलीत असणं फार मोठा आधार असतो. दुपारी उकडा भात. कोल्हापूर-बेळगावच्या मुलांना तो जाड आणि चिवट लागतो. सुक्या भाजीशी खाऊ नका, हुमणाशी (माशाच्या आमटीशी) किंवा सोलकढीशी खा. दोन आठवड्यांत जीभ वळते. चपाती मोजून मिळते आणि ती घरासारखी नसते, भाकरी विसरायची.

मेसबद्दल करायच्या गोष्टी दोनच. सुट्टीवर जाताना किती दिवस आधी कळवलं तर पैसे वजा होतात तो नियम पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या आणि लेखी कळवा. आणि मेस कमिटीत जागा असेल तर नाव द्या. जेवणाबद्दल जिन्यात कुरकुर करणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही. महिन्याच्या बैठकीत ‘डाळ पातळ आहे, पाण्याच्या टाकीची सफाई कधी झाली’ असं विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. स्वयंपाकघरातल्या माणसांना नावाने ओळखा. तापात पेज हवी असेल तेव्हा तीच माणसं करून देतात.

कपडे आणि ओल

आठवड्याचे कपडे साठवून रविवारी धुणं पावसाळ्यात जमत नाही. रोज दोन-तीन नग, अंघोळीबरोबरच. घट्ट पिळून, पंच्यात गुंडाळून पुन्हा एकदा दाबायचे. अर्धं पाणी त्यातच जातं. दोरी पंख्याखाली बांधा, कपड्यांत वीतभर अंतर ठेवा, शर्ट उलटे करा. रात्रभर पंखा आणि सकाळी इस्त्री. वास आलाच असेल तर त्यावर पावडर शिंपडू नका, पुन्हा धुवा. ओलसर आतले कपडे घालून मांडीत, काखेत गजकर्ण होतं आणि लाजेपोटी मुलं महिनोन्महिने सांगत नाहीत. डॉक्टरांना दाखवा, दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुठलंही मलम चोळू नका. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे. आणि सकाळी बूट घालण्याआधी झटका. पठारावर फुरशी (छोटे विषारी साप) असतात, पावसात ती कोरडी जागा शोधतात. अंधारात टॉर्चशिवाय मेसकडे जाऊ नका. साप दिसला तर मारायला धावू नका, वॉचमनला सांगा.

बस, पायलट, वेळ

कदंब महामंडळाच्या बस १९८० पासून आहेत, त्यांच्या जोडीला खासगी बस भरपूर. पणजीहून मडगाव, वास्को, म्हापसा, फोंड्याला थेट शटल सुटतात, त्या मधे थांबत नाहीत. मधल्या गावी उतरायचं असेल तर चुकून शटलमध्ये बसू नका. संध्याकाळनंतर गावांकडच्या गाड्या विरळ होतात. हॉस्टेलची हजेरी रात्री किती वाजता हे धरून उलटं मोजा आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडायचं ठरवा.

पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाल्यांना इथे पायलट म्हणतात. बसायच्या आधी भाडं विचारा. टॅक्सीसाठी गोवा माइल्स हे ॲप आहे, पण पठारावर पावसात रात्री गाडी मिळेलच असं नाही. सिनियरची किंवा ओळखीच्याची दुचाकी परवाना नसताना घेऊ नका. लाल मातीच्या चिखलात वळणावर चाक सरकतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे अपघात मी जे पाहिले ते सगळे अशाच उसन्या गाड्यांवरचे.

रॅगिंग

विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे नियम २००९ चे आहेत आणि ते सगळ्या कॉलेजांना लागू आहेत. रॅगिंग म्हणजे मारहाणच असं नाही. सिनियरने आपली असाइनमेंट लिहायला लावणं, जबरदस्तीने पैसे खर्च करायला लावणं, जात, भाषा, रंग किंवा गावावरून टोचत राहणं हेही त्यात येतं. ‘ओळख परेड’ म्हणून हसून सोडून देऊ नका. नाव विचारणं, गाव विचारणं, गाणं म्हण म्हणणं आणि ‘नको’ म्हटल्यावर थांबणं, ही ओळख. ‘नको’ म्हटल्यावरही चालू राहिलं की ते रॅगिंग.

तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा. मग वॉर्डन, कॉलेजची रॅगिंगविरोधी समिती, आणि २४ तास चालणारी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तुमच्यासाठी मित्रही तक्रार करू शकतो. गुन्हा घडल्याचं दिसलं तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर नोंदवणं ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी आहे. पालकांनो, मूल फोनवर अचानक गप्प झालं, किंवा कारण न सांगता पैसे मागू लागलं, तर ‘थोडं सहन कर’ म्हणू नका. गाडीत बसा आणि जा.

ताप आला तर

पहिल्या वर्षी मला ऑगस्टमध्ये ताप आला. मी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही, अंगदुखीची एक गोळी घेत राहिले. त्याच काणकोणच्या रूममेटने माझं न ऐकता वॉर्डनला उठवलं. डेंग्यू निघाला. पावसाळ्यातल्या तापात डॉक्टरला दाखवल्याशिवाय पॅरासिटामॉलशिवाय काही घेऊ नका. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपतानाही मच्छरदाणी, आणि बादलीत साठवलेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लेप्टो, ज्याला आपल्याकडे उंदीरताप म्हणतात, तो असाच होतो. रुग्णवाहिकेला १०८. पोटरीचं दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं यात वाट बघायची नाही.

मन जड होणंही याच सदरात धरा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संध्याकाळी सहाच्या सुमारास, दिवेलागणीला, रडू येतं. ते होतंच, आणि बहुतेकांचं ओसरतं. झोप उडाली, जेवण सुटलं, वर्गात जावंसं वाटेनासं झालं आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. हा सरकारी नंबर आहे, फुकट आणि रात्रंदिवस. घरी रोज एकदाच, ठरलेल्या वेळी फोन करा. दिवसातून सहा वेळा केलेल्या फोनने घर जवळ येत नाही, आणि हॉस्टेल तर आणखीच लांब जातं.

ते पहिले चार रविवार

पहिला रविवार खोली लावण्यात आणि बाजारात जातो. रूममेटबरोबर जा, बादल्या एकत्र घ्या. दुसऱ्या रविवारी जवळचं देऊळ: फोंड्याच्या बाजूला असाल तर फर्मागुढीचा गोपाळ गणपती चालत, नाहीतर मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा बसने. देव मानत नसाल तरी जा. पावसातलं देवळाचं अंगण, दीपस्तंभ आणि तळी बघायलाच जा. तिसरा पणजीत काढता येईल. पाटो इथलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. मराठी पुस्तकं भरपूर आहेत आणि बसायला शांत जागा. सदस्य होऊन टाका. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिरात मराठी नाटकं होत असतात, त्यांच्या फलकावर लक्ष ठेवा.

श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोला दामोदराचा सप्ताह बसतो. चोवीस तास अखंड भजन आणि रस्ताभर फेरी. चार-पाच जणांनी मिळून जा, परतीची गाडी आधी ठरवून. आणि एखाद्या गोव्याच्या मैत्रिणीने श्रावणातल्या रविवारी घरी बोलावलं तर अजिबात नाही म्हणू नका. हळदीच्या पानातले पातोळे, तिची आई, तिचं घर. परत येताना ती नुसती रूममेट राहत नाही.

दोन ठिकाणी मात्र जायचं नाही. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातही नाही, खडकांवर फोटोसाठीही नाही. आणि चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, बंद खाणी. पठारांवर त्या जागोजाग असतात, पाऊस भरला की हिरव्या तळ्यासारख्या दिसतात. कडा सरळसोट, तळ दिसत नाही, वर यायला धरायला काही नाही. पोहता येणारी मुलंही त्यात जातात. कुणी ‘चल, मस्त जागा आहे’ म्हणालं तर जाऊ नका, आणि त्यालाही जाऊ देऊ नका.

चवथीला निघताना

गोव्यात चवथ म्हणजे सगळं बंद. मेस बंद, बाजार बंद, पणजीचे रस्ते रिकामे. आदल्या दिवशी बस स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जमलं तर दोन दिवस आधीच निघा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. जुलैत हॉस्टेलात शिरलात की त्याच आठवड्यात चवथीचं जायचं-यायचं तिकीट काढा. परतीचं तर नक्कीच, कारण मुंबईकर चाकरमान्यांमुळे गाड्या तुडुंब असतात.

खोली सोडताना बादल्या रिकाम्या आणि उपड्या, कचरा बाहेर, खाण्याचा एकही कण नाही, चार्जर काढलेले, ओला कपडा एकही मागे नाही. गादी भिंतीपासून दूर उभी करा, कपाटात नव्या डांबरगोळ्या. मेसला लेखी कळवलं का ते पुन्हा बघा. किल्ली रूममेटला देऊ नका, तीही चाललीय, तुमची तुमच्याकडे.

आणि येताना करंज्यांचा डबा आणा. गोव्यात त्यांना नेवऱ्यो म्हणतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या रात्री काणकोणच्या, सत्तरीच्या, पेडण्याच्या, कुडाळच्या नेवऱ्यो एकाच टेबलावर उघडल्या जातात, कुणाच्या सारणात खसखस, कुणाच्यात तीळ. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतून मुली येतात, म्हणून डबा जरा मोठाच घ्या.